उसण नव्हे, बरगडीची चीर

"उसण भरली आहे, शेक घे, मोकळी होईल," असे तालमीतल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले आणि मी ते मानले. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती जवळ आल्या होत्या आणि आम्ही सांगलीवाडीच्या बाजूला एक वेळचा सराव एकदम दोन वेळांवर नेला होता.

उसण झटक्यात भरते आणि शेकाने दोन-चार दिवसांत उतरते. माझे दुखणे मात्र दोन आठवडे हळूहळू वाढत गेले. आधी फक्त सराव संपताना, मग प्रत्येक वल्ह्याला आणि शेवटी शिंकताना, खोल श्वास घेताना, अंथरुणात कूस बदलतानाही उजव्या काखेखाली कळ येऊ लागली. बोटाने दाबले की नेमकी एकच जागा ठणकायची. तिथेच आम्ही तेल लावून चोळत राहिलो, याचे मला आजही वाईट वाटते.

एक्स-रे स्वच्छ आला. सुरुवातीच्या आठवड्यांत ही चीर एक्स-रेत बहुधा दिसत नाही. माझी एमआरआयमध्ये दिसली, सातव्या बरगडीला. हाड रोज थोडे झिजते आणि रोज भरून निघते. वल्हे ओढताना खांद्याच्या फऱ्याला धरून ठेवणारा स्नायू आणि पोटाचा तिरका स्नायू बरगडीला विरुद्ध दिशांना खेचतात, तिला हजारो वेळा किंचित वाकवतात, आणि सराव अचानक वाढला की भरून येण्याचा वेग मागे पडतो. नौकानयन करणाऱ्यांत हे प्रामुख्याने पाचव्या ते नवव्या बरगडीला होते, तर वजन उचलणारे आणि चेंडू फेकणारे यांच्यात पहिल्या बरगडीलाही होते.

याला प्लास्टर नसते. छाती पट्ट्याने आवळायचीही नाही, कारण श्वास उथळ होऊन फुप्फुसात संसर्गाचा धोका वाढतो. चार ते सहा आठवडे वल्हे बंद, दुखत नसेल तर चालणे चालू, आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी, एवढेच उपचार. सराव करणाऱ्या मुलींची पाळी अनियमित झाली असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अपुऱ्या आहाराने हाडे कमकुवत होत असल्याची ती खूण असू शकते. छातीत दुखण्यासोबत घाम किंवा धाप असेल, तर मात्र बरगडीचा विचार बाजूला ठेवून तातडीने रुग्णालय गाठावे.

दुखणे अंगावर काढण्याला आपल्याकडे मर्दुमकी समजतात. मला ते मुळीच पटत नाही. त्या वर्षीची शर्यत मी घाटावरून पाहिली. सातव्या आठवड्यात पुन्हा होडीत बसलो, तेव्हा पहिल्या दिवशी फक्त दहा मिनिटे वल्हे मारले.