ओमेगा सेंटॉरीसाठी दक्षिणेकडे

ओमेगा सेंटॉरी बघायला निघायचं तर जागेच्या आधी रात्र ठरवावी लागते. आपल्या आकाशगंगेतला हा सर्वांत मोठा गोलाकार तारकागुच्छ. सुमारे १७,००० प्रकाशवर्षं दूर, त्यात जवळजवळ एक कोटी तारे. पण त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर, उणे (दक्षिणेला) ४७.५ अंश, त्यामुळे उत्तर गोलार्धातून तो दक्षिण क्षितिजालगतच राहतो. मी १७ अंश उत्तर अक्षांशावरचं एक पठार निवडलं होतं. ९० मधून १७ आणि ४७.५ वजा केले की उरतात २५.५ अंश. त्याहून वर तो तिथे कधीच चढत नाही, आणि वीस अंशांच्या वर असतो तोही चारेक तासच. त्याखाली हवेचा थर इतका जाड होतो की निम्मी मजा धुरकटपणातच जाते.

हे चार तास रात्रीच्या कोणत्या प्रहरी येतील, ते महिन्यावर ठरतं. एप्रिलच्या मध्यावर गुच्छ मध्यरात्रीच्या सुमारास याम्योत्तर वृत्तावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, जिथे तो सर्वांत उंच असतो) येतो, मेच्या मध्यावर दहाला, जूनमध्ये आठला, म्हणजे संधिप्रकाश पुरता विरण्याआधीच. त्यात चंद्राची अडचण. चित्रा तारा आणि हा गुच्छ जवळपास एकाच वेळी याम्योत्तर वृत्तावर येतात, आणि चैत्री पौर्णिमेचा चंद्र चित्रेजवळच असतो! म्हणजे ऐन हंगामातली पौर्णिमा नेमकी त्याच बाजूचं आकाश उजळून टाकते. म्हणून मी चैत्री अमावास्या धरली. ती बहुधा एप्रिल-मेच्या सांध्यावर येते, रात्रभर चंद्र नसतो आणि फार जागावंही लागत नाही.

पठारावर मी मुद्दाम उजेडी पोचलो. दक्षिणेला डोंगर किंवा गावाचे दिवे असतील तर पंचवीस अंशांच्या वस्तूसाठी सगळा प्रवास वाया जातो. होकायंत्र लावून पाहिलं, कडा दक्षिणेलाच तुटत होता आणि पुढे खोल दरी. माझ्या मते अशा निरीक्षणाला उंचीपेक्षा मोकळं क्षितिज जास्त मोलाचं.

अंधार झाल्यावर अर्धा तास डोळे सरावू दिले, टॉर्चला लाल कागद लावला. आधी त्रिशंकू तारकासमूह उभा राहिला. मग चित्रा वर सरकली, आणि तिच्यापासून सरळ खाली ३६ अंशांवर, अपेक्षेच्याच जागी, एक अस्पष्ट ठिपका. नुसत्या डोळ्यांनी! प्राचीन खगोलशास्त्रज्ञ टॉलेमीने त्याला तारा समजून यादीत घातलं, १६०३ मध्ये ताऱ्यांचे नकाशे करणाऱ्या बायरने ताऱ्यासारखं ओमेगा हे ग्रीक अक्षर दिलं. तो तारा नाही, धूसर ठिपका आहे, हे १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून एडमंड हॅलीने टिपलं. त्या पठारावर उभं राहून वाटलं, तारा समजणं किती साहजिक होतं.

द्विनेत्रीत तो चंद्रबिंबाएवढा धूसर गोळा झाला. आठ इंची दुर्बिणीत कडेचे तारे सुटे झाले आणि नजर जितकी स्थिर ठेवावी तितके आतून आणखी उमटत गेले. मधोमध मात्र दाटीच दाटी. हे तारे सुमारे बारा अब्ज वर्षं जुने. एखाद्या गिळंकृत झालेल्या छोट्या दीर्घिकेचा हा गाभा असावा, असं बरेच खगोलशास्त्रज्ञ मानतात. मी बराच वेळ दुसरीकडे दुर्बीण वळवलीच नाही.

त्याच्याखालोखाल तेजस्वी गोलाकार गुच्छ म्हणजे ४७ टुकाना. त्याची क्रांती उणे ७२ अंश, म्हणजे याच पठारावरून जेमतेम एक अंश उंची. त्यासाठी विषुववृत्त ओलांडायलाच हवं. तो सप्टेंबरअखेरीस मध्यरात्री याम्योत्तर वृत्तावर येतो, ऑक्टोबरअखेरीस दहाच्या सुमारास. त्या दोन महिन्यांतल्या अमावास्यांवर मी खूण करून ठेवली आहे.