आईस्क्रीम वेल: कंद उपसणी आणि पोळ्यानंतरची छाटणी

लातुरातल्या कंपाउंडांवर ही गुलाबी वेल भरपूर दिसते, कारण पाणी नसलं तरी ती मरत नाही. २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा आमच्या कुंड्या गेल्या, पण ही परत फुटली. सगळा जोर जमिनीतल्या कंदांचा. म्हणून यंदा ठरवलं, आपल्या भिंतीवरची ठेवायची आणि शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधली मुळापासून काढायची. तिथलं बोरीचं झाड तिनं पार झाकून टाकलं होतं. प्लॉटवाले काका म्हणाले, "खणा की, फक्त बोरीला धक्का लावू नका."

काळ्या मातीत उन्हाळ्यात पहार शिरत नाही आणि पावसात चिखल सुटत नाही. मृगानंतर वाफसा आला की लगेच कुदळ घ्या. वेल कापताना वीतभर दांडा ठेवा, म्हणजे कंद नेमका सापडतो. मोठ्या कंदाभोवती लहान गाठी असतात, त्या राहिल्या की पुन्हा कोंब. मी माती हातानं फोडत गेलो. काढलेले कंद उकिरड्यावर न टाकता चिरून पत्र्यावर खडखडीत वाळवले.

आता भिंतीवरची. तिचं फूल जवळून बघा. पाच गुलाबी दलं, बाहेरची तीन रुंद, आतली दोन अरुंद. फूल सरलं तरी ती गळत नाहीत. कागदी होतात आणि तिकोनी तपकिरी बी पोटात धरून ठेवतात. चुका फुलावर आला की असंच दिसतं, आणि ही चुक्याच्याच कुळातली आहे, फक्त मूळची मेक्सिकोची. हे बी पाण्यावर तरंगतं. नाल्याकाठी पडलं तर मांजरा नदीपर्यंत जाईल. ग्वाम बेटावर तिनं झाडोरा झाकून टाकलाय, ते इथं व्हायला नको.

त्यामुळे पोळ्यापासून दर आठवड्याला कात्री. तुरा फिका पडून कागदी व्हायला लागला की तोडायचा. तुऱ्याच्या टोकाचे तणावे बाजूच्या फांदीला घट्ट धरतात, ओढू नका, कापून सोडवा. ताजे तुरे मात्र राखतो. सकाळपासून फुलोरी माश्या, म्हणजे लहान मधमाश्या, त्यांच्यावर तुटून पडलेल्या असतात, आणि वेल ठेवलीय ती त्यांच्यासाठीच.

प्लॉटमध्ये अजून तुरळक कोंब येतात, पण ते खुरप्यानं निघतात. बोरीला नवी पालवी आलीय. रोप मागणाऱ्यांना एकच सांगतो, घर नाल्याजवळ असेल तर ही लावू नका. जुईची फांदी देतो, हवी तेवढी.