विहिरीवरची बाभूळ : सातवा रविवार

यंदा पाहिलेल्या पक्ष्यांची यादी वाढवत हिंडायचं नाही, एकच झाड धरायचं, असं जूनमध्येच ठरवलं होतं. हरिपूरच्या वाटेवर एका विहिरीवर बाभूळ झुकलीय, सुगरणींनी लगडलेली. वहीची 22 पानं भरली, मान अवघडली.

गेल्या रविवारी 19 खोपे होते, आज 17. वाऱ्यात दोन विहिरीत पडले आणि दोन्ही पश्चिमेच्या अंगाचे. उरलेल्यांतले 14 पूर्वेला. पावसाची झड चुकवायला सुगरण पूर्वेची बाजू धरते हे वाचलं होतं, पण होकायंत्र घेऊन स्वतः मोजण्यात मजा वेगळीच.

आता सात नंबरचा खोपा. नर उसाच्या पाल्याची कड चोचीत धरतो आणि उडता उडता सर्रकन चिरत नेतो. खोपा उलट्या टोपीएवढा झाला की काम बंद! खाली लोंबकळून पंख फडफडवत बसायचं. मादी येते, आत शिरते, दोन-तीन धागे ओढून बघते आणि चालती होते. तिघींनी नापास केला, चौथी राहिली. आज खोप्याला नळी उतरलीय आणि हे महाशय शेजारच्या फांदीवर नव्या गाठी मारतायत. नावाची शाबासकी मात्र ‘सुगरणी’ला. विणतो बाप्याच!

इथे माझी चूक कबूल करतो. पहिले तीन आठवडे मी ‘खोपे 12, जोड्या 12’ असं बिनदिक्कत लिहीत होतो. मग पक्षितज्ज्ञ सालीम अलींच्या, अलिबागजवळच्या किहीमच्या नोंदींविषयी वाचलं आणि तो रकानाच खोडला. 1930 साली बर्लिनहून शिकून आलेला हा माणूस, हाताला नोकरी नाही, म्हणून किहीमला राहायला गेला आणि तिथल्या सुगरणींसमोर ठाण मांडून बसला. एक खोपा मादीच्या ताब्यात गेला की नर दुसरा बांधायला घेतो, दुसरीसाठी, हे त्यांनी बघून बघून टिपलं आणि 1931 साली मांडलं. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं पाडलेल्या पीतकंठी चिमणीमुळे ते पक्ष्यांकडे वळले, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मला हे रिकामपणातलं काम जास्त मोठं वाटतं.

निघताना विहिरीचे मालक बांधावर भेटले.

“काय बगतायसा एवढं?”

मी कौतुकानं सात नंबरची सगळी हकिकत सांगितली.

“त्यो पिवळा व्हय? त्येची दोन बिऱ्हाडं हायती. गेल्या साली बी हुती.”