ताटकळणे: मालिकेतील चौथे चित्र

प्रतीक्षेवरील माझ्या कोळशाच्या चित्रमालिकेतले चौथे चित्र बहुतांशी पूर्ण झाले आहे. आधीच्या तीन चित्रांत मी सगळी प्रतीक्षा चेहऱ्यावर शोधत होते, त्यामुळे त्यांतली माणसे वाट पाहणारी न दिसता नुसती दुःखी दिसत होती.

आपल्या भाषेने जो भेद केला आहे, तो मी रेषेत केलाच नव्हता. वाट पाहणाऱ्याचा जीव डोळ्यांत असतो, कारण वाटेवर कोणी दिसेल अशी त्याला अजून आशा असते; ताटकळलेल्याची नजर मात्र केव्हाच खाली आलेली असते आणि प्रतीक्षा त्याच्या पोटऱ्यांत, कमरेत, खांद्यांत उतरलेली असते. नाट्यशास्त्रातील अष्टनायिकांमध्ये, म्हणजे प्रियकराशी असलेल्या नात्यातील अवस्थेनुसार सांगितलेल्या आठ नायिकांमध्ये, वासकसज्जा आणि विरहोत्कंठिता या दोघी प्रियकराचीच वाट पाहतात, पण पहिली त्याच्या येण्याच्या तयारीत रमलेली असते, तर दुसरी त्याला उशीर झाल्याने व्याकुळ असते, आणि म्हणूनच त्या दोन वेगळ्या नायिका ठरतात.

फ्रेंच चित्रकार एदगार देगाचे १८८२ च्या सुमाराचे ‘प्रतीक्षा’ हे पेस्टल, म्हणजे रंगखडूंनी काढलेले चित्र, मी या काळात पुनःपुन्हा पाहिले. बाकावर एक नर्तिका पुढे वाकून घोटा धरून बसली आहे आणि शेजारी काळ्या पोशाखातली, हाती छत्री घेतलेली स्त्री आहे. दोघींच्या चेहऱ्यांवरून फारसे काहीच कळत नाही. सगळे सांगतात ती वाकलेली पाठ, छत्रीचे जमिनीकडे वळलेले टोक आणि भोवतालची मोकळी फरशी.

मी माझी आकृती उभी ठेवली आणि कागदाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग रिकामा सोडला. विलोच्या काड्यांच्या कोळशात बंधक द्रव्य नसल्याने तो सहज पुसला जातो, तरी कागदाच्या खरखरीत पोतात त्याची धूसर खूण उरते. याच गुणाचा उपयोग करून मी एका पायावर भार टाकलेली आकृती काढली, ती कापडाने पुसली आणि तिच्यावरच दुसऱ्या पायावर भार टाकलेली काढली. असे तीनदा केल्यावर माणसाने कितीदा पाय बदलला हे कागदावरच दिसू लागले. घड्याळ काढण्याचा मूळ बेत मी तेव्हाच सोडून दिला. शेवटच्या आकृतीसाठी दाबीव कोळसा वापरला, कारण तो अधिक गडद उमटतो आणि आधीच्या खुणा मागे राहतात.

डाव्या पायाची टाच अजून साधलेली नाही. ती जमिनीला पूर्ण टेकवली की माणूस निवांत उभा दिसतो आणि थोडी जास्त उचलली की तो निघून चाललेला वाटतो, म्हणून कोळसा कागदावर पक्का करणारे फिक्सेटिव्ह चित्रावर अजून फवारलेले नाही.