तांबूच्या तळव्यातला खडा

तांबू उकरेनाशी झाली, तेव्हा मला पहिली शंका आली.

पावसाची झड थोडी थांबली की आमच्या सातही कोंबड्या माडाखालच्या पातेऱ्यात शिरतात. एका पायावर भार देऊन दुसऱ्याने दोनदा माती मागे ओढायची, वाकून बघायचं, मग पाय बदलायचा. त्या जुलैत तांबू त्यांच्यात नुसती उभी असायची, उजवा पाय पोटाशी घेऊन. तांदूळ टाकला तरी शेवटी यायची. एरवी ही माझ्या हातातलं भांडं खाली येण्याआधीच चोच घालणारी. कोंबडी दुखणं शक्य तितकं लपवते. ती लंगडताना आपल्याला दिसते, तोवर दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

उचलून पंजा पाहिला. तळव्याच्या मधोमध काळी, गोल, टणक खपली होती आणि भोवती सूज. दुसऱ्या पायापेक्षा हा पाय हाताला गरम लागत होता. मला वाटलं काटा गेला असेल. सासूबाईंनी हळद आणि खोबरेल तेल गरम करून फडक्याने बांधलं. आठ दिवस आम्ही ते नेमाने केलं. खपली मऊ पडायची, पुन्हा धरायची, सूज तिथेच. एकदा मी दोन्ही अंगठ्यांनी दाबून पू काढायचा प्रयत्न केला. काही आलं नाही, पण तांबू जी ओरडली ते अजून माझ्या कानात आहे. असं कुणी करू नये. दाबल्याने आतली घाण आणखी खोल जाते.

मग बाजारातल्या एका दुकानातून पाण्यात घालायची पावडर आणली. कुणालाही न विचारता अँटिबायोटिक दिलं, ही माझी मोठी चूक. पाच दिवसांत काही फरक पडला नाही. जवळच्या एका दवाखान्यात नेलं तर तिथे दाराशी गाईम्हशी उभ्या. कोंबडी बघून लोक हसले. पाय नीट न बघताच एक इंजेक्शन मिळालं आणि आम्ही घरी आलो. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगो, कोंबडीला कसला आलाय डॉक्टर? जड झालीय, रविवारी कापून मोकळी हो." त्या वाईट बोलल्या नाहीत, इकडे तीच रीत आहे. पण तांबू एक दिवसाची असताना खोक्यातून आली, तिच्यावर बल्ब लावून मी रात्री जागले होते. माझ्याने ते होणार नव्हतं.

रत्नागिरीला पक्षी तपासणारे एक डॉक्टर भेटले, तिथून खऱ्या उपचाराला सुरुवात झाली. त्यांनी पंजा उलटा करून पाहिला आणि नाव सांगितलं, बंबलफूट. तळव्याला बारीकशी जखम होते, त्वचेवर एरवीही असणारे स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू आत शिरतात आणि गळू धरतं. दाबूनही काही का आलं नाही, हेही त्यांनी समजावलं. माणसाचा पू वाहतो. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारं एक विकर (एन्झाइम) नसतं, त्यामुळे त्यांचा पू पनीरसारखा घट्ट होऊन बसतो. त्या गोळ्यात रक्त पोचत नाही, म्हणून रक्तातून जाणारं औषधही पोचत नाही. तो काढल्याशिवाय किती गोळ्या दिल्या तरी व्यर्थ.

आधी एक्स-रे काढला. जंतू हाडात किंवा सांध्यात गेले असतील तर गोष्ट फार अवघड होते. हाड स्वच्छ होतं. मग त्यांनी वजनाच्या हिशेबाने मोजून, अगदी थोडं बधिर करायचं इंजेक्शन दिलं. माणसांसाठीची बधिर करणारी मलमं-फवारे घरच्या घरी पक्ष्याला लावू नका, मात्रा थोडी जास्त झाली तरी जिवावर बेतू शकतं, असं त्यांनी मला दोनदा बजावलं. खपली काढून आतून पिवळट गोळा निघाला. भिजवलेल्या हरभऱ्याएवढा, आणि त्याला मुळासारखी एक शेपटी. एवढा खडा घेऊन ती दीड महिना चालत होती. मला रडू आलं.

त्यातला नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते बघायच्या तपासणीला पाठवला. चार दिवसांनी कळलं की मी बाजारातून आणलेल्या औषधाला ते जंतू दादच देत नव्हते. मग लागू पडणारं अँटिबायोटिक आणि दुखण्यासाठी मेलॉक्सिकॅम, दोन्ही तिच्या वजनावर मोजून, ठरलेल्या दिवसांपर्यंत. तेवढे दिवस आणि पुढे डॉक्टरांनी सांगितलेले दिवस तिची अंडी खायची नव्हती. ती मी माडाच्या बुंध्याशी पुरत गेले.

ड्रेसिंग घरी करायचं होतं, आधी रोज आणि मग एक दिवसाआड. पहिल्या दोन वेळा माझे हात थरथरले. तिसऱ्या वेळेपासून पद्धत बसली. तांबूला जुन्या पंच्यात गुंडाळायचं आणि डोळ्यांवर पंच्याचं टोक ओढायचं. अंधार झाला की कोंबडी शांत होते. छातीवर मात्र दाब द्यायचा नाही. पक्ष्याला आपल्यासारखं छाती आणि पोटामधलं श्वासपटल नसतं, छातीचं हाड खाली-वर होतं तेव्हाच त्याला श्वास घेता येतो. घट्ट आवळली तर बसल्या जागी गुदमरेल. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियमचं मीठ) टाकून पाय दहा-पंधरा मिनिटं बुडवून धरायचा. ती त्यात चक्क पेंगायची, आणि मला तेवढाच वेळ तिच्याशी बोलायला मिळायचा. मग पाय पूर्ण कोरडा करायचा आणि पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक फिक्या कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून जखम धुवायची. दर वेळी हातमोजे घालायचे, कारण हे जंतू आपल्या हातावरच्या चिरेतही शिरू शकतात.

जखमेवर तिचाच भार येऊ नये म्हणून डॉक्टरांनी भोवती गोल गादी करायला सांगितली होती. मला ती काही केल्या जमेना. सासूबाई बाजूला बसून बघत होत्या. त्या उठल्या, कापडाची पट्टी बोटाभोवती गुंडाळून त्यांनी एवढीशी चुंबळ वळली आणि माझ्या हातात दिली. डोक्यावर हंडा ठेवायला वळतात तशीच, फक्त रुपयाच्या नाण्यापेक्षा जराशी मोठी. जखम बरोबर मधल्या भोकात राहिली. डॉक्टरांना फोटो पाठवला तर त्यांनी लगेच फोन करून विचारलं, ही कुणी केली? मग बोटांच्या फटींतून पट्टी फिरवून वर घ्यायची. थोड्या वेळाने बोटं बघायची, सुजली किंवा गार पडली असतील तर पट्टी घट्ट झाली.

पावसात हे सगळं कोरडं ठेवणं फार कठीण गेलं. पडवीत एक कोपरा आडोसा करून तिला दिला, खाली भाताचं तूस. ओलं झालं की लगेच बदलायचं, रात्रीसुद्धा.

अठरा दिवसांत जखम भरली. मी आनंदाने तिला खुराड्यात सोडलं. दहा दिवसांनी तोच पाय, तीच सूज.

त्या संध्याकाळी मी खूप खचले. पुन्हा रत्नागिरी, पुन्हा तीच चिरफाड. या वेळी आतून ज्वारीच्या दाण्याएवढा गोळा निघाला. मग डॉक्टरांनी विचारलं, "ही रात्री बसते कुठे?" हा प्रश्न मला आधी कुणी विचारला नव्हता, मीही कधी केला नव्हता. आमच्या खुराड्यात चार फुटांवर गोल लोखंडी पाइप आणि खाली जांभ्याची फरशी. जांभा किती खरखरीत असतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. बाकीच्या सहा गावठी आहेत, अंगाने हलक्या, फडफडत अलगद उतरतात. तांबू वनराज, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत परसातल्या पालनासाठी तयार झालेली भारी जात. माझ्या लाडाने तिचं वजन तीन किलोवर गेलं होतं. रोज पहाटे ती एवढं वजन घेऊन चार फुटांवरून जांभ्यावर धप्पकन उतरत होती. डावा तळवाही त्यांनी तपासला. तिथे लाल, गुळगुळीत चकंदळ दिसू लागलं होतं.

त्याच आठवड्यात सुताराकडून तीन इंच रुंद सपाट फळी कडा घासून आणली आणि जमिनीपासून दीड फुटावर बसवली. जांभ्यावर चार बोटं जाड तुसाचा थर टाकला. तांदूळ आणि भाताची शितं कमी केली, शेवग्याचा पाला आणि पिकलेली पपई वाढवली. वजन हळूहळू अडीच किलोच्या आसपास आलं. या वेळी जखम वरून भरलेली दिसली तरी मी घाई केली नाही. डॉक्टरांनी कातडी दाबून बघितली, आत काही टणक नाही याची खात्री केली, तेव्हाच पट्टी सुटली. नवरात्र संपत आलं होतं. डाव्या पायावरचं चकंदळ तोवर आपोआप गेलं होतं.

आता दर रविवारी मी सातही जणींना एकेक करून मांडीवर घेते आणि तळवे बघते. काकी त्यांच्याही कोंबड्या आणून दाखवतात.

दिवाळीच्या आदल्या दिवशी अंगण सारवत होते. तांबू पातेऱ्यात गेली, थांबली, आणि सगळा भार उजव्या पायावर देऊन डाव्याने तिने दोनदा माती मागे ओढली. मी शेणाचे हात तसेच धरून बघत उभी राहिले.