केल्ट म्हणजे नेमके कोण?

आयर्लंड, स्कॉटलंड किंवा वेल्सचा विषय निघाला की 'केल्टिक' हे विशेषण आज सहज वापरले जाते. परंतु ग्रीक आणि रोमन लेखक ब्रिटनच्या रहिवाशांना सहसा केल्ट म्हणत नसत. इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहिलेले 'केल्टॉय' हे युरोपच्या मुख्य भूमीवरचे लोक होते. डॅन्यूब त्यांच्या प्रदेशात उगम पावते असे तो सांगतो आणि लगेच ते जिब्राल्टरच्या पलीकडे राहतात असेही म्हणतो, तेव्हा त्याच्या भूगोलावर फार भिस्त ठेवू नये.

रोमन सेनापती ज्युलियस सीझरची साक्ष अधिक मोलाची आहे. गॉलच्या (ढोबळमानाने आजच्या फ्रान्सच्या) तीन भागांपैकी एका भागातले लोक स्वतःच्या भाषेत स्वतःला 'केल्टी' म्हणवतात आणि आपण रोमन त्यांना 'गॅली' म्हणतो, असे तो स्पष्ट नोंदवतो. त्याच्याशी लढलेला गॉलचा सेनानी व्हर्सिंजेटोरिक्स याच्या वडिलांचे नाव केल्टिलस होते, त्यामुळे हे नाव केवळ परक्यांनी चिकटवलेले नसावे. त्याचा मूळ अर्थ मात्र ठरलेला नाही. 'उंच', 'झाकलेले' आणि 'प्रहार करणारे' अशा अर्थांचे धातू सुचवले गेले आहेत. मला त्यांतली एकही व्युत्पत्ती निर्णायक वाटत नाही.

पुढे ग्रीकांमध्ये 'गलाताय' हे रूप रूढ झाले. इ.स.पू. २७९ मध्ये ग्रीसमधल्या डेल्फी या तीर्थस्थानावर चालून गेलेल्या टोळ्यांसाठी ते वापरले गेले, आणि त्यानंतर अनातोलियात (आजच्या तुर्कस्तानात) स्थिरावलेल्या टोळ्यांमुळे तिथल्या प्रदेशाला गलातिया हे नाव पडले. मराठी बायबलमधले 'गलतीकर' ते याच प्रदेशातले.

गॉलचे फ्रेंच नाव 'गोल' हे त्याच्या लॅटिन 'गॅलिया' या नावावरून आले असावे असे कोणालाही वाटेल, पण ध्वनिनियम आड येतात: लॅटिन 'गांबा'चे फ्रेंचमध्ये 'झांब' झाले, त्या न्यायाने 'गॅलिया'चा आद्य 'ग' टिकायला नको होता. म्हणून ते जर्मानिक 'वाल्ह' या शब्दापासून आले असे मानतात, कारण अशा शब्दांतल्या आद्य 'व'चा फ्रेंचमध्ये 'ग' होतो. हा शब्द बहुधा 'व्होल्की' या केल्टिक टोळीच्या नावावरून निघाला, पुढे तो रोमन शेजाऱ्यांनाही लागू झाला, आणि वेल्स, वालोनिया (बेल्जियममध्ये), वालाकिया (रोमानियात) ही नावे त्यातूनच घडली. पोलिश भाषेत तर इटलीलाच 'व्वोही' म्हणतात.

आजचा व्यापक अर्थ अठराव्या शतकातला आहे. ब्रेटन (वायव्य फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातले) धर्मगुरू पेझ्रों यांनी १७०३ मध्ये ब्रेटन आणि वेल्श भाषांचे नाते प्राचीन केल्टांशी जोडले, तर ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड लॉइड यांनी १७०७ मध्ये वेल्श, कॉर्निश (इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलची भाषा), ब्रेटन आणि आयरिश यांची पद्धतशीर तुलना प्रसिद्ध केली. भाषाकुलाचे नाव म्हणून 'केल्टिक' मला पूर्ण मान्य आहे; त्यावरून एकच रक्त आणि एकच स्वभाव गृहीत धरणे मात्र पुराव्याला धरून नाही.

उच्चारांतही एकवाक्यता नाही. ग्रीक आणि अभिजात लॅटिनमध्ये 'क', फ्रेंचमध्ये 'स', इटालियनमध्ये 'च', पोलिशमध्ये 'त्स'. इंग्रजीत आता 'केल्टिक' प्रचलित असले, तरी ग्लासगोचा फुटबॉल क्लब अजूनही 'सेल्टिक'च आहे.

पुरातत्त्वाच्या पुस्तकांत, भारतीय उत्खननांच्या अहवालांतही, घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडीला 'सेल्ट' म्हटलेले आढळते. त्या शब्दाचा या लोकांशी काहीही संबंध नाही. तो लॅटिन बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकातल्या 'केल्टे' या शब्दावरून आला, आणि तो शब्दही बहुधा 'केर्टे' म्हणजे 'खचित' याचा नकलाकाराने केलेला अपपाठ असावा.