अल्हाम्ब्राच्या तटाआत दोन रात्री

लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला दोघांनीच कुठेतरी लांब जायचे, हे आम्ही बरीच वर्षे मनाशी धरून होतो. गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस तो योग आला आणि स्पेनमधल्या ग्रानादा शहरात, अल्हाम्ब्रा या टेकडीवरच्या जुन्या मुस्लिम सुलतानांच्या किल्ला-राजवाड्याच्या तटबंदीच्या आतच असलेल्या ‘पारादोर दे ग्रानादा’ या हॉटेलात आम्ही दोन रात्री राहिलो. जुने किल्ले, मठ आणि वाडे यांत स्पेनची सरकारी कंपनी जी हॉटेले चालवते त्यांना पारादोर म्हणतात. या हॉटेलांची सुरुवात १९२८ मध्ये झाली, तर ग्रानादाचे पारादोर १९४५ पासून आहे.

ही वास्तू मुळात ग्रानादावर राज्य करणाऱ्या नासरी या मुस्लिम घराण्यातल्या सुलतानांच्या वाड्यांपैकी एक. २ जानेवारी १४९२ रोजी शहर इसाबेला आणि फर्नांदो या स्पेनच्या ख्रिस्ती राजदांपत्याच्या ताब्यात गेल्यानंतर येथे फ्रान्सिस्कन साधूंचा मठ झाला. इसाबेला राणी १५०४ मध्ये वारली, तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिला येथेच पुरले आणि १५२१ मध्ये तिचे अवशेष खाली शहरातल्या राजघराण्याच्या प्रार्थनामंदिरात हलवले. मठाच्या चर्चचे छप्पर आज नाही, परंतु त्या मूळ जागेवरचे, मधाच्या पोळ्यासारखे कोरलेले गिलाव्याचे सुलतानी छत शाबूत आहे. ख्रिस्ती राणीने विसाव्यासाठी पराभूत सुलतानांचेच छत निवडावे, याचा विचार करीत आम्ही तेथे बराच वेळ उभे होतो.

खोली ऐसपैस आणि नीटनेटकी होती, पण डोळे दिपवणारा थाट तिच्यात नव्हता; तो हवा असल्यास त्याच पैशांत शहरात अधिक मिळेल. येथे पैसे मोजायचे ते संध्याकाळसाठी. १५ ऑक्टोबरपासून हिवाळी वेळापत्रक लागते आणि दिवसाचे दर्शन सहाला संपते. गर्दी उतरणीला लागली की काये रेआल या आतल्या रस्त्यावर आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येऊ लागतो. आम्ही शाली गुंडाळून इसाबेलाचा नातू सम्राट पाचवा कार्लोस याच्या वाड्यापर्यंत चालत गेलो आणि परतताना एका शब्दाचीही गरज वाटली नाही. म्हणूनच माझा आग्रह असा की, खर्चाचा विचार करता एकच रात्र जमत असेल तर एकच राहावे, मात्र दुपारी खोली मिळताच पोहोचावे आणि ती संध्याकाळ तटाबाहेर घालवू नये. उरलेल्या रात्रींसाठी समोरच्या टेकडीवरची आल्बाइसिन ही जुनी वस्ती उत्तम आहे.

हॉटेल तटाच्या आत असले तरी राजवाड्यांचे तिकीट त्यात धरलेले नसते, हे आधीच लक्षात घ्यावे. ते अधिकृत संकेतस्थळावरून काही आठवडे आधी काढावे लागते, त्यावर पासपोर्टचा क्रमांक असतो आणि नासरी राजवाड्यांत शिरण्याची वेळ ठरलेली असते. ती चुकली तर आत सोडत नाहीत. आम्ही सकाळी साडेआठची, म्हणजे पहिलीच वेळ घेतली होती. हॉटेलातून पायी काही मिनिटांत पोहोचलो आणि सिंहांच्या चौकात बारा दगडी सिंहांभोवती जेमतेम वीसेक माणसे होती. मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. शिवाय हॉटेलात खोल्या मोजक्या असल्याने आरक्षण कित्येक महिने आधी करावे लागते, त्यामुळे शेंगेन व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येणारेच आरक्षण घ्यावे.

दुपार आम्ही खेनेरालिफे या बागेसाठी ठेवली होती. तिथल्या एका जिन्याच्या दोन्ही कठड्यांच्या माथ्यावर पन्हळी कोरलेल्या आहेत आणि त्यांतून पाणी खळाळत उतरते. दार्रो नदीचे हे पाणी सुलतानांनी सुमारे सहा किलोमीटर लांबीच्या पाटाने डोंगरकडेने वळवून आणले. ह्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यांनी त्या कठड्यावर हात ठेवला, बोटांवरून पाणी जाऊ दिले आणि उतार किती असेल ते मला समजावून सांगू लागले. या प्रवासातला माझा सर्वांत आवडता क्षण तोच.

माद्रिदहून वेगवान रेल्वेने साडेतीन तासांच्या आसपास लागतात. स्थानकावरून वर येण्यासाठी टॅक्सीच घ्यावी, कारण टेकडीवर जाणाऱ्या छोट्या बसमध्ये मोठ्या बॅगा मावत नाहीत. आल्बाइसिनमधल्या गल्ल्या गोट्यांच्या आणि चढाच्या आहेत, तेव्हा पकड असलेले बूट हवेत. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर असल्याने शरद ऋतूत रात्री चांगलेच गार पडते.

शाकाहारी मंडळींनी धास्ती बाळगू नये. रात्रीचे जेवण साडेआठच्या आधी क्वचितच मिळते, पण पेयाबरोबर छोटा पदार्थ फुकट देण्याची पद्धत ग्रानादात अजून टिकून आहे. मांस नको, हे मात्र मागवतानाच सांगावे. वांग्याचे तळलेले काप काकवी घालून देतात, ते अवश्य मागवावेत. ग्रानादाच्या दक्षिणेला मोत्रिलच्या किनाऱ्यावर शतकानुशतके ऊस पिकत असे, त्याची ही खूण. पहिल्याच घासाला आम्हा दोघांच्या तोंडून एकदम ‘काकवी!’ निघाले आणि आम्ही दुसरी बशी मागवली.